रोजा, गोळी आणि पेशींची साफसफाई



गेल्या रमजानमध्ये आमच्या सोनिवलीतल्या चाचांनी कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. मोबाइलवर कुणीतरी पाठवले होते, 'उपाशी राहिले की ऑटोफॅजी सुरू होते आणि रक्तवाहिन्या आपोआप साफ होतात.' चाची घाबरून म्हणाल्या, "तू मास्तरीण आहेस ना बेटी, तूच समजाव त्यांना."

ऑटोफॅजी खोटी नाही. पेशी आपल्या आतला मोडका माल फोडून पुन्हा वापरते, ती ही क्रिया. तिचा उलगडा केल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचू लागले की ते गिळायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात. ऑटोफॅजी नीट चालली तर गिळलेली चरबी बाहेर टाकता येते. ती मंदावली तर पेशी चरबीने फुगून तिथेच मरतात आणि थर वाढत जातो.

ती मंदावते का? एक कारण आहे मायक्रोआरएनए. शाळेत मुख्याध्यापकांची सूचनावही वर्गावर्गांत फिरते ना, तशी पेशीत प्रथिने बनवण्याची सूचना केंद्रकातून निघते. मायक्रोआरएनए ही सुमारे २२ अक्षरांची चिठ्ठी. ती सूचनेला चिकटली की सूचनेचा अंमल थांबतो. तिच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. यांतली 'मायक्रोआरएनए-३३' ऑटोफॅजीच्या सूचना दाबते. उंदरांमध्ये तिला अडवल्यावर साफसफाई पुन्हा सुरू झाली. माणसांसाठी मात्र असे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही.

म्हणजे या साफसफाईवर अनेकांचा ताबा असतो, एकट्या उपाशी पोटाचा नाही. रोजाने धमनीतला जुना थर निघून जातो, असा पुरावा नाही. रोजा आपण अल्लाहसाठी ठेवतो, गोळीच्या बदल्यात नाही. स्टॅटिनची गोळी यकृतात कोलेस्टेरॉल बनणेच कमी करते. तिचे काम तिलाच करू द्यावे.

दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळीची वेळ इफ्तारनंतरची करून दिली. बस, एवढेच हवे होते.

तुमच्या घरीही कुणी हृदयाची किंवा साखरेची औषधे घेत असेल, तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना वेळा विचारून घ्या. छातीत दुखले, घाम फुटला, तर इफ्तारची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.