"सर्वर डाऊन शे, सकाय या" किती दिवस ऐकायचं?

संगणक बंद पडतो. यंत्र आहे, कधीतरी बंद पडणारच. पण ग्रामपंचायतीचा, शाळेचा किंवा सोसायटीचा संगणक बंद पडल्यावर गावाचं काम आठ-आठ दिवस अडतं, आणि तो चालू होतो तेव्हा आतल्या नोंदी गायब असतात, याला मी नुसता बिघाड म्हणायला तयार नाही. हा कारभारातला हलगर्जीपणा आहे आणि त्याचा जाब विचारायची जागा ग्रामसभा आहे. पोस्ट लांब आहे. पण विषय तुमच्या घरपट्टीच्या पावतीपर्यंत येतो, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मी सोनगीरात संगणक दुरुस्तीचं काम करतो. आग्रा रोडच्या दोन्ही बाजूंच्या गावांतून मशीन येतात. आपल्याकडे ती का मरतात हे मला रोज दिसतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर जातो आणि संगणक पत्र्याच्या खोलीत, बंद खिडकीजवळ ठेवलेला असतो. आतला पंखा धुळीने जाम. लाईट दिवसातून चार वेळा जाते, यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच संपलेली, म्हणजे लाईट गेली की मशीन धाडकन बंद. असं वारंवार झालं की हार्डडिस्कवर खराब जागा तयार होतात, विंडोजच्या फायली अर्धवट लिहिल्या जातात, आणि एक दिवस निळा स्क्रीन येतो. बऱ्याच वेळा तर इतकंही नसतं. रॅम काढून तिचे पॉइंट खोडरबराने साफ केले, धूळ उडवली, एसएमपीएस तपासला, की मशीन उभं राहतं. पण तपासायला वेळ कोणाकडे आहे? फोनवरच निकाल लागतो: "फॉर्मॅट मारून टाका."

इथेच घोळ होतो.

मागच्या काही वर्षांतलं एक उदाहरण देतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका गावाची नाही. कार्यालयाचा संगणक सुरू होईना. कोणीतरी सुचवलं म्हणून ऑपरेटरने कंपनीची "फॅक्टरी रिकव्हरी" चालवली. साठ-सत्तर टक्क्यांवर ती अडकली, परत चालवली, परत अडकली. मग बाहेरून एकाने नवीन विंडोज टाकून दिलं. मशीन माझ्याकडे आलं तेव्हा विंडोज झकास चालत होतं, पण नमुना ९ च्या, म्हणजे कर मागणीच्या, तीन वर्षांच्या एक्सेल फायली गेल्या होत्या. जुन्या डिस्कवर नवीन लिखाण झालेलं, त्यामुळे फार थोडं परत मिळालं. पुढे काय झालं असेल? ज्यांनी पट्टी भरली होती त्यांच्याही नावावर थकबाकी. "पावती दाखवा." ज्यांनी पावत्या जपल्या ते सुटले. ज्या म्हातारीची पावती पावसात पत्र्याखाली भिजून गेली, तिने काय दाखवायचं? घरकुलाच्या कागदांसाठी तिला नमुना ८ चा उतारा हवा होता, आणि थकबाकी भरल्याशिवाय उतारा नाही असं तिला सांगितलं गेलं.

ही आहे खरी किंमत. ती संगणकाच्या बिलात कुठेच दिसत नाही.

आता ही फॅक्टरी रिकव्हरी म्हणजे काय ते समजून घ्या, कारण तिच्या नावावर लोक फार विश्वास टाकतात. पूर्वी संगणकाबरोबर सीडी यायची. नंतर कंपन्यांनी सीडी बंद केली आणि त्याच हार्डडिस्कचा एक कोपरा लपवून त्यात मूळ विंडोजची प्रत ठेवली. म्हणजे घराची दुसरी चावी त्याच घराच्या कपाटात. घराला आग लागली तर दोन्ही चाव्या जळणार. हार्डडिस्क खराब झाली तर रिकव्हरीचा कोपराही त्याच डिस्कवर आहे, म्हणून ती अर्ध्यावर अडकते. पूर्वी कोणी फॉर्मॅट मारताना तो कोपराच पुसला असेल तर रिकव्हरी उरलेलीच नसते. आणि सगळं सुरळीत झालं तरी रिकव्हरी मशीन परत आणते, तुमच्या नोंदी नाही. कारखान्यातून निघाली त्या दिवशी मशीन जशी कोरी होती, तशी कोरी करून देते.

त्यातही कंपनीचं स्वतःचं ठिकाणावर नसतं. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टचं एक अपडेट जगभर अनेक संगणकांवर बसेना, कारण रिकव्हरीचा तो लपलेला कोपरा त्याला पुरत नव्हता. ऑगस्ट २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज १० आणि विंडोज ११ च्या काही आवृत्त्यांमध्ये "रिसेट" हे बटणच निकामी झालं, आठवड्याभरात वेगळी दुरुस्ती पाठवावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर विंडोज ११ च्या रिकव्हरीच्या स्क्रीनवर यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस चालेना. म्हणजे दवाखान्यात पोचलात, पण दार उघडायला हात नाहीत. जिथे हजारो इंजिनिअर बसलेत तिथे ही गत, तर आपण एका बटणावर गावाचा कारभार ठेवायचा का?

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या फाईलमुळे जगात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी निळे पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. फाईल पुसली की मशीन उठत होतं, पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका मशीनजवळ जावं लागलं, आणि जिथे डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं तिथे ४८ आकड्यांची चावी लागत होती. ज्यांच्याकडे चाव्यांची नोंद होती ते लवकर उठले. बाकीचे चावी शोधत बसले.

हे कुलूप आता आपल्या गावातही आलं आहे. नवीन विंडोज ११ च्या मशीनवर मायक्रोसॉफ्टचं खातं टाकून सुरुवात केली की बऱ्याचदा डिस्कला आपोआप कुलूप लागतं आणि चावी त्या खात्यात जाते. ते खातं कोणाचं असतं? ज्या ऑपरेटरने पहिल्या दिवशी मशीन चालू केली त्याच्या खाजगी ईमेलचं. तो काम सोडून सुरतला किंवा पुण्याला गेला, नंबर बदलला, की सरकारी मशीनची चावी त्याच्या विसरलेल्या पासवर्डमागे. अशा मशीनची डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही. माझ्यासारखा माणूस तिथे हात टेकतो.

सोनगीरची ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची. भांड्याला पोचा आला की तांबट ठोकून देतो, कारण भांडं त्याच्यापुढे उघडं असतं आणि अवजारं त्याच्या हातात असतात. संगणकाचं तसं राहिलेलं नाही. अवजार कंपनीकडे, चावी गेलेल्या ऑपरेटरकडे, पासवर्ड तालुक्याला, आणि रांगेत उभा माणूस गावात.

कोणी म्हणेल, "भाऊ, आता सगळं ऑनलाईन आहे, मशीन गेली तर काय बिघडलं?" अर्धं बरोबर आहे. सातबारा, फेरफार, जन्म-मृत्यूची नोंद राज्याच्या किंवा केंद्राच्या सर्वरवर असते, गावातली मशीन मेली तरी ती जात नाही. पण कार्यालयात बसून बघा. पोर्टलवर भरण्याआधीची यादी एक्सेलमध्ये. लाभार्थ्यांचे स्कॅन केलेले कागद डेस्कटॉपवर. ठरावांचे मसुदे एका फोल्डरमध्ये. शाळेच्या दाखल्यांचा नमुना वर्डमध्ये. शिवाय रिसेट केल्यावर डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, मराठी कीबोर्ड हे सगळं परत बसवावं लागतं, आणि त्यात दोन-चार दिवस सहज जातात. जुन्या फायली श्रीलिपीत किंवा कृतीदेवात टाईप केलेल्या असतील तर फॉन्ट गेल्यावर त्या मराठी राहतच नाहीत, नुसती किचाट दिसते. आणि दाखल्याची किंवा पीक पाहणीची मुदत या दोन-चार दिवसांसाठी थांबत नाही.

विकास सोसायट्यांचंही तेच. केंद्राने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. चांगलं झालं. पण हिशेब संगणकावर गेला की संगणकाची काळजी हा हिशेबाचाच भाग होतो, हे आपल्या संचालक मंडळांना कोणी सांगितलं आहे का?

वर आता विंडोज १० चा प्रश्न. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा मोफत आधार सर्वसाधारणपणे संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आपल्या शाळा-कार्यालयांतल्या कितीतरी मशीन त्याहून जुन्या आहेत. त्या सगळ्या भंगारात घालायच्या का? मला तसं वाटत नाही. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून मोफत लिनक्सवर चालतात. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस लिनक्स बनवलेलं आहे. जिथे डिजिटल सहीसाठी विंडोजच लागतं तिथे एक नवीन मशीन घ्या, बाकीच्यांवर लिनक्स टाका. शाळेतल्या पोरांना टाईप करायला, चित्र काढायला, इंटरनेट बघायला ते भरपूर झालं.

दोष ऑपरेटरवर टाकू नका. आपले सरकार केंद्राचे चालक तुटपुंज्या मानधनावर काम करतात, ते वेळेवर मिळावं म्हणून त्यांना आंदोलनं करावी लागली आहेत. त्यांना बॅकअप घ्यायला डिस्क कोणी दिली? कुठे, कधी घ्यायचा हे लिहून कोणी दिलं? ज्याच्या हातात काहीच दिलं नाही त्याला जबाबदार धरणं सोपं असतं, म्हणून तर आपण तेच करतो. जबाबदारी ठराव करणाऱ्यांची आणि देखभालीच्या करारावर सही करणाऱ्यांची आहे.

मग मागायचं काय? माझ्या मते एवढंच:

१. प्रत्येक कार्यालयाच्या मशीनसाठी विंडोज टाकायचा आणि दुरुस्तीचा एक पेनड्राइव्ह तयार करून कपाटात ठेवा. काही शेकड्यांत होतं.

२. दर शुक्रवारी बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप. डिस्क काम झाल्यावर मशीनपासून काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर विजेचा झटका आणि व्हायरस दोघांनाही घेऊन जातात.

३. मशीन कार्यालयाच्या ईमेलवर चालू करा, कोणाच्या खाजगी नाही. बिटलॉकरची चावी कागदावर लिहून कुलुपात. पदभार देताना किल्ल्यांबरोबर तीही द्यायची.

४. वर्षातून दोनदा बॅकअपमधली एखादी फाईल परत आणून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे पाणी आहे की नाही ते न बघता भरवसा ठेवलेली विहीर.

५. देखभालीच्या करारात स्पष्ट लिहा: डेटा बाहेर काढल्याशिवाय फॉर्मॅट नाही. आणि यूपीएसची बॅटरी वेळेवर बदला. निम्मे बिघाड तिथेच थांबतील.

६. मशीन बंद असेल त्या दिवशी काम कागदावर घ्या, अर्जाची तारखेसह पोच द्या. "सकाय या" हे उत्तर नाही.

यातल्या कशालाही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. काही हजारांचा खर्च आहे, गावाच्या विकास आराखड्यात तो सहज बसतो. आणि हे उपकार म्हणून मागायचं नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार नोंदी नीट लावून, सूचीसह जतन करणं हे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाचं कर्तव्य आहे. "हार्डडिस्क उडाली" हे त्या कर्तव्यातून सुटायचं कारण होऊ शकत नाही.

घरच्या मशीनचंही एक सांगतो. लॅपटॉप बंद पडला तर आधी डेटा, मग दुरुस्ती. दुकानात देताना तोंडी नाही, पावतीवर लिहून घ्या: "डेटा काढल्याशिवाय फॉर्मॅट करू नये." फोटो-फायली चुकून गेल्याच, तर त्या मशीनवर पुढे काहीही करू नका, तसंच बंद करा. जुन्या हार्डडिस्कमधून बरंच परत मिळू शकतं. एसएसडी असेल तर आशा फार कमी असते, म्हणून तिथे बॅकअप हाच एक उपाय.

पुढच्या ग्रामसभेत रस्ता, गटार, पाणी यावर बोलालच. त्यात दोन मिनिटं काढून उभे राहा आणि एवढंच विचारा: "आपल्या कार्यालयाचा शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे आणि तो कुठे ठेवला आहे?" उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर आलं नाही, तर तेही लिहून घ्या.

तुमच्या गावात काय उत्तर मिळतं ते खाली कळवा. आणि पटलं असेल तर आपल्या सरपंच-सदस्यांपर्यंत, मुख्याध्यापकांपर्यंत पोचवा.