दुसरा दोर कुणासाठी?

पावसाळा संपला की मुंबई, ठाणे, पुण्यात इमारती रंगवण्याचा हंगाम सुरू होतो. वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून एक दोर खाली सोडलेला असतो. वरचं टोक पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलेलं, खाली लाकडाची फळी, फळीवर माणूस, बाजूला लटकणारी रंगाची बादली. याला सगळे 'झुला' म्हणतात. किती गोड शब्द आहे बघा! लेकराच्या खेळण्याचं नाव आपण मरणाच्या कामाला दिलं आहे.

याच शहरात काचेच्या कॉर्पोरेट टॉवरवर, मुंबई हायच्या तेलफलाटांवर आणि धुळे-सातारच्या पवनचक्क्यांच्या पात्यांवरही माणसं दोरावर लटकून काम करतात. त्याला 'रोप ॲक्सेस' म्हणतात. तिथे प्रत्येक माणसामागे दोन दोर असतात, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. एका दोरावर तो काम करतो, दुसरा त्याच्या जिवासाठी असतो. अंगभर हार्नेस असतो. दोर जिथे भिंतीच्या कडेवर घासतो तिथे संरक्षण लावलेलं असतं. काम सुरू होण्याआधी 'हा बेशुद्ध पडला तर त्याला खाली कोण आणि कसं आणणार' हे ठरलेलं असतं, कारण हार्नेसमध्ये निपचित लटकलेला माणूस थोड्याच वेळात दगावू शकतो. या सगळ्यामागचं तत्त्व साधं आहे: कोणतीही एक गोष्ट तुटली तरी माणूस मरता कामा नये.

उंची तीच, गुरुत्वाकर्षण तेच. मग एकाला दोन दोर आणि दुसऱ्याला एक का? हा तंत्राचा प्रश्न नाही. दोन दोरांची पद्धत ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेलफलाटांच्या कामातून नियमबद्ध झाली. 'इराटा' ही संघटना तेव्हापासून तिचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देते. म्हणजे उपाय माहीत होऊन तीन दशकांहून जास्त काळ लोटला. प्रश्न आहे तो कुणाचा जीव वाचवण्याच्या लायकीचा समजला जातो, याचा.

काही मित्र म्हणतील, यात जात कुठे आली? झुल्यावर बंगाल-बिहारचा मुसलमान असतो, मराठवाड्याचा मातंग किंवा बौद्ध असतो, भूमिहीन ओबीसीही असतो. बरोबर आहे, हे एका जातीचं काम नाही. पण बाबासाहेबांनी १९३६ साली कामाची वाटणी आणि कामकऱ्यांची वाटणी यांतला जो फरक दाखवला, तो इथे लावून बघा. काम एकच आहे, कामकरी मात्र दोन थरांत वाटलेत. वरच्या थराला 'टेक्निशियन' म्हणतात, खालच्या थराला 'झुलेवाला'. वरच्याचं ज्ञान कागदावर मोजलं जातं, खालच्याचं ज्ञान 'सवय' म्हणून सोडून दिलं जातं.

इराटाच्या पद्धतीत प्रत्येक कामगाराची एक नोंदवही असते. दोरावर घालवलेला तास न् तास त्यात लिहिला जातो आणि वरिष्ठ सही करतो. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जायला किमान एक वर्ष आणि एक हजार तास लागतात. आता नाक्यावरच्या रंगाऱ्याला विचारा, किती वर्षं झुल्यावर आहेस? पंधरा, वीस. नोंदवलेले तास? शून्य. पहिल्या पायरीचं प्रशिक्षण आणि परीक्षा मिळून आठवड्याच्या आत संपतं, पण त्याची फी नाका कामगाराची महिन्या-दोन महिन्यांची कमाई खाऊन टाकते. शिवाय अभ्यासाचं साहित्य बहुतेक इंग्रजीत. दार बंद आहे असं कुणी म्हणत नाही. फक्त उंबरठा उंच आहे.

हा उंबरठा आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचं विणाई खातं अस्पृश्यांना बंद होतं. कारण काय, तर सूत तोंडाने ओढावं लागतं आणि विटाळ होतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. 'गिरणीचं काम वाईट आहे, आपल्या माणसांनी ते सोडावं' असं ते म्हणाले नाहीत. गिरणीतलं प्रत्येक खातं आमच्या माणसाला खुलं करा, असं म्हणाले. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनातही त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाची मागणी केली होती.

म्हणून 'आपल्या पोरांनी पुन्हा दोराला का लटकायचं, शिकून साहेब व्हावं' हा आक्षेप मला अर्धाच पटतो. साहेब जरूर व्हावं. पण जो आज लटकलेला आहे, त्याला आपण काय सांगणार? तुझा मुलगा अधिकारी होईपर्यंत एकाच दोरावर थांब?

दुसरा आक्षेप सोसायटीच्या बैठकीत हमखास येतो: 'हे लोक स्वतःच पट्टा लावत नाहीत.' का लावत नाहीत? बहुतेक कामांत हिशोब चौरस फुटावर असतो. प्रत्येक अडथळ्याने मजुरी कमी होते. आणि पट्टा त्याच एका दोराला अडकवला असेल, तर दोर तुटल्यावर पट्टाही त्याच्यासोबत खाली येणार. ज्याच्या हातात दर नाही, दोर नाही, वेळ नाही, त्याच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का मारणं सगळ्यात स्वस्त आहे.

कायदा काय म्हणतो? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात बांधकामाबरोबर दुरुस्ती आणि देखभालही धरली होती. पण अट दहा कामगारांची. हा कायदा २०२० च्या संहितेत सामावला गेला, अट तिथेही आहेच. चार रंगारी घेऊन येणारा ठेकेदार अलगद निसटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात उंचीवरून पडण्याचा रकाना आहे. पण कोण कामावर पडला आणि कोण पतंग उडवताना, हे त्यातून कळत नाही. जात तर नाहीच. गटारात मेलेल्या माणसासाठी चळवळ लढली, म्हणून २०१३ चा कायदा आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भरपाई ३० लाखांवर नेली. खोलीत मेलेल्याला निदान नाव मिळालं. उंचीवरून पडलेला अजून 'अपघात' आहे.

आणि आता कडू गोष्ट. आपल्या वस्त्यांच्या जागी एसआरएच्या वीस-बावीस मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या सोसायट्यांत अध्यक्ष, सेक्रेटरी आपलेच. प्रवेशद्वारावर बाबासाहेबांचा फोटो आपणच लावतो. आणि रंगकामाचं टेंडर काढताना सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला आपणच काम देतो. तो दर कमी कशामुळे झाला, हे विचारत नाही. तो दुसरा दोर वगळल्यामुळे कमी झालेला असतो.

म्हणून काम आपल्या दारापासून सुरू करू. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा: दोन स्वतंत्र दोर, दोन स्वतंत्र आधार, सुटकेची लेखी योजना, प्रत्येक कामगाराचा विमा. यातलं काही नसेल तर टेंडर बाद. नाक्यावर जाऊन कामगारांची कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. तिला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो मिळवून देणं हे कार्यकर्त्याचं काम आहे. बार्टीकडे मागणी करा की स्पर्धा परीक्षांच्या वर्गांसोबत रोप ॲक्सेसची फी भरणारी, मराठी-हिंदीत शिकवणारी तुकडीही काढावी. आणि सरकारच्या 'पूर्वकौशल्य मान्यता' योजनेत झुल्यावरची वर्षं मोजली जावीत.

आपण जयंतीला उंच इमारतींवर निळे झेंडे लावतो. ते लावायला चढणारा पोरगाही कधी एका दोरावर, कधी बिनदोराचा असतो. या १४ एप्रिलला निदान तिथून सुरुवात करा. झेंडा उंच असू द्या, पण तो लावणाऱ्याच्या कमरेला दोन दोर असू द्या.

जय भीम!