मशीन कोण थांबवणार?

शनिवारी दुपारी मी बऱ्याचदा भोसरीत सापडतो. हिंजवडीतल्या एसीतून सुटका झाली की मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या, ऑफसेट प्रेसमध्ये जाऊन चहा प्यायचा. शाईचा आणि केरोसीनचा वास मला उगाचच आवडतो. प्रेस म्हटलं की लोकांना लग्नपत्रिका आठवतात. पण भोसरी ते चाकण पट्ट्यात छपाई म्हणजे मुख्यतः खोके, लेबलं आणि माहितीपुस्तिका. गाडीच्या प्रत्येक फिल्टरला, बेअरिंगला खोका लागतो, आणि त्यावरचा पार्ट नंबर चुकला तर समोरची कंपनी अख्खा लॉट परत पाठवते.

दोन वर्षांपूर्वी दादाचा मशीनमन चाकणच्या एका कारखान्यात गेला. तिथे न्यायला-आणायला बस आहे, कँटीन आहे, रात्रपाळीचा वेगळा भत्ता आहे. दादा काय देणार त्यापुढे? जागेसाठी दोघे आले. एक पन्नाशीचे काका, पुण्यातल्या पेठेतल्या छापखान्यात ट्रेडलपासून सुरुवात केलेले, तोंडातून शब्द काढायला पैसे पडतात असे. दुसरा डिप्लोमावाला मुलगा, हसरा, गिऱ्हाइकाशी छान बोलणारा. दादाने मला विचारलं. मी नुकताच आमच्या कंपनीत मुलाखती कशा घ्याव्यात याचं ट्रेनिंग करून आलो होतो. म्हटलं, दादा, काम शिकवता येतं रे, स्वभाव शिकवता येत नाही. मुलाला घे.

घेतला. आणि पावसाळ्यात एका रात्री नऊ हजार शीट रद्दीत गेली.

ऑफसेटचा सगळा खेळ पाणी आणि तेलकट शाई एकमेकांत मिसळत नाहीत यावर चालतो. प्लेटवर पाणी जास्त झालं की रंग फिका पडतो. त्यात पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा पितो, ताणला जातो, आणि चार रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. त्या रात्री निळा हळूहळू उतरत गेला. हेल्परला दिसलं, त्याने सांगितलंही. मुलाला सुद्धा कळलं होतं. पण सकाळी सहाला टेम्पो यायचा होता, डिस्पॅचवाला मागे लागला होता, आणि रात्री दोन वाजता शेठना कशाला उठवायचं! मशीन चालूच राहिलं. दादा नंतर एवढंच म्हणाला, "बोलका होता, सांगणारा नव्हता."

त्याला काढलं. यात मला थोडं अपराधी वाटतं, कारण न विचारता मशीन थांबवायचा अधिकार तुला आहे, असं त्याला आम्ही कोणीच सांगितलं नव्हतं. शिवाय माझं ते ट्रेनिंगमधलं वाक्य. आमच्याकडे चुकीचा कोड गेला तर मागची आवृत्ती परत चढवता येते. म्हणून आम्हाला "शिकेल हळूहळू" म्हणणं परवडतं. छापलेल्या कागदाला अनडू नाही.

मग काकांना बोलावलं. काय हात आहे! आवाजावरून सांगतात, फीडर दोन कागद उचलतोय. रंग ट्यूबलाइटखाली बघत नाहीत, पाच हजार केल्विनच्या दिव्याखालीच बघतात. पण शाईच्या चाव्यांना हेल्परने हात लावलेला खपत नाही. कोणत्या जॉबला काय सेटिंग, ते सगळं त्यांच्या खिशातल्या डायरीत. आठ महिन्यांत दोन हेल्पर सोडून गेले. काकांचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस मशीन जवळजवळ झाकूनच होतं. म्हणजे नुकसान इथेही झालंच, फक्त रद्दीच्या ढिगासारखं डोळ्यांना दिसलं नाही.

मोठ्या छापखान्यात ही दोन कामं वाटून घेता येतात. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर काढला, तेव्हा अक्षरांचे ठसे कोरायला राणोजी रावजी आरूंसारखा हात त्यांच्या जोडीला होता. (जावजी स्वतःही टाइप घासण्याच्या कामापासून वर आलेले, हे विसरायचं नाही.) पण बारा माणसांच्या प्रेसमध्ये रात्री दोनला एकच माणूस असतो. त्यालाच रंग उतरलेला दिसला पाहिजे आणि त्यानेच फोन उचलला पाहिजे.

म्हणून माझं आता स्पष्ट मत आहे: आधी हात बघा, आणि तो टेबलापलीकडे बसून नाही, मशीनवर. आयटीआयचं ऑफसेट मशीन माइंडरचं सर्टिफिकेट असो की पुणे विद्यार्थी गृहाच्या कॉलेजातली प्रिंटिंगची डिग्री, कागद फक्त काय शिकवलं ते सांगतो. जुनी प्लेट द्या, रद्दी शीट द्या, किती शीटमध्ये रजिस्टर आणि रंग जुळतो ते मोजा. अर्धा तास पुरतो. आणि माणसांशी कसा वागतो ते त्याच अर्ध्या तासात बघा. गोड बोलणं नकोय आपल्याला. मी दादाला एक युक्ती सुचवली: जॉब कार्डवरचा पार्ट नंबर आणि प्लेटवरचा नंबर यांत एका आकड्याचा फरक ठेव. बघ बोलतो का.

गेल्या शनिवारी राजगुरुनगरहून एक मुलगा आला होता. रंग जुळवायला त्याला बराच वेळ लागला, शीट ढीगभर गेली. पण मशीन सुरू करायच्या आधी थांबला, हेल्परला कार्ड दाखवून काहीतरी विचारलं, आणि मग सरळ दादाकडे येऊन म्हणाला, "शेठ, प्लेट चुकलीय की कार्ड? सांगा, मग चालू करतो."

मी म्हटलं, घे. काका कोपऱ्यातून म्हणाले, हात कच्चा आहे. खरं आहे ते. तो पक्का करायचा तर काकांच्या खिशातली डायरी उघडायला हवी, आणि तसं त्यांना विचारायचं धाडस अजून ना दादाला झालंय, ना मला.