चेंडू उजवीकडे का जातो?

"गोल्फ? आणि तोही आचोळ्याचा?" लेखाचा विषय सांगताच मित्र हसले. त्यांचे हसणे रास्तच म्हणायचे. आमच्याकडे पोरांना क्रिकेटसाठी मोकळी जागा मिळताना मारामार. तिथे एवढाली हिरवळ लागणारा हा साहेबी खेळ कोण खेळणार? पण दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून मुंबईतील एका क्लबात कॅडीचे, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहण्याचे, काम केले. कॉलेजच्या फीला हातभार लागला. आणखीही एक गोष्ट पदरात पडली. तीच येथे मांडतो.

गोल्फमध्ये 'स्लाइस' नावाचा एक रोग आहे. उजव्या हाताने खेळणारा माणूस सरळ मारायला जातो आणि चेंडू केळ्यासारखा वळत उजवीकडच्या झाडीत शिरतो. हौशी खेळाडूंत तो घरोघरी आढळतो. यावर साहेब लोकांचा उपाय ठरलेला. चेंडू उजवीकडे जातो ना? मग डावीकडे तोंड करून उभे राहा! तेवढ्याने भागले नाही तर नवी महागडी काठी घ्या. चेंडू मात्र पूर्वीपेक्षाही जास्त वळतो.

असे का व्हावे? काठीचे तोंड तिच्या फिरण्याच्या वाटेपेक्षा उजवीकडे उघडे राहिले की चेंडूला तिरकी फिरकी बसते, आणि फिरकी बसलेला चेंडू हवेत वळतो. डावीकडे तोंड करून उभे राहिले की काठी बाहेरून आत, चेंडूला कापत येते. वाट आणि तोंड यांतील अंतर वाढते; फिरकीही वाढते. म्हणजे रोगाला औषध म्हणून रोगच पाजायचा!

हे एकदा मी एका साहेबांना धीर करून सांगितले. "तू पिशवी सांभाळ," असे उत्तर मिळाले. मी सांभाळली.

सोमवारी कॅडींना खेळायची मुभा असे. पहिल्याच सोमवारी माझाही चेंडू झाडीत गेला, आणि गंमत पाहा, मीही नकळत डावीकडे सरकून उभा राहिलो! तीस वर्षे पिशव्या वाहिलेले एक काका मागे उभे होते. म्हणाले, "पोरा, चेंडूवर कशाला रागावतोस? आधी मूठ बघ." माझ्या डाव्या मुठीचे एकच हाड वरून दिसत होते. त्यांनी पंजा जरा उजवीकडे वळवला. दोन-तीन हाडे दिसू लागली. खांदे निशाण्याच्या रेषेला समांतर आणले. मग चेंडूच्या पलीकडे, चार बोटांवर, आपली चप्पल ठेवली. "हिला न लागता मार. अर्धाच झोका घे." पहिले दहा फटके चप्पलच उडाली. अकरावा चेंडू सरळ गेला.

काका शाळेत फारसे गेले नव्हते. पण या विषयात पंडितही चुकले आहेत. एडिंबरोचे प्राध्यापक टेट यांनी १८९० च्या दशकात चेंडूच्या फिरकीचे गणित मांडले. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश हौशी विजेता झाला. तरीही पुढे कित्येक वर्षे अनेक शिक्षक शिकवीत राहिले की, चेंडू प्रथम काठीच्या वाटेने निघतो. रडारच्या यंत्रांनी दाखवून दिले की, तो निघतो बहुतांशी काठीच्या तोंडाच्या दिशेने. पुस्तकाला मान द्यावा. पण चेंडू कुठे जातो हेही पाहावे.

माझे म्हणणे एवढेच आहे. चूक जिथे दिसते तिथे ती बहुधा नसते. आपण मात्र दिसते तिथेच मलम लावतो. इंग्रजीत नापास झालो की नवे गाइड घेतो. आपण वाचतो कसे, हे कुणाला दाखवीत नाही. आणि दुसरे असे की, ज्याला कारण दिसते, तो पुष्कळदा पिशवी घेऊन मागे उभा असतो. त्याला कुणी विचारीत नाही. दिल्लीचे अली शेर हे एके काळचे कॅडी. १९९१ साली ते इंडियन ओपन जिंकले. त्यांना खेळायला मिळाले म्हणून जगाला कळले. आमच्या काकांना ते भाग्य लाभले नाही. तीस वर्षांत एकाही साहेबाने आपल्याला विचारले नाही, असे ते सांगत. सांगताना हसत, पण ते हसू मला आजही बोचते.

आता मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या चेंडूने सराव करतो. पलीकडे चप्पल ठेवलेली असते. शेजारची पोरे विचारतात, "दादा, चप्पल कशाला?" मी त्यांच्या हातात काठी देतो, आणि आधी मूठ बघतो.