घड्याळाला सायलेन्सर ऐकू येत नाही

गेल्या महिन्यात मावसभावाचा मेसेज आला. सोबत गॅरेजच्या कोटेशनचा फोटो. एकूण आकडा 1 लाख 80 हजार. खाली एवढंच, ‘दादा, आईची एफडी मोडतोय. स्टेज टू करून घेतो. पाव मैलाला दोन सेकंद कमी होतील म्हणालेत.’

गाडी म्हणजे जुनी होंडा सिटी व्हीटेक, जवळजवळ त्याच्याच वयाची. मी विचारलं, ‘आत्ता किती सेकंद लागतात?’

बराच वेळ स्क्रीनवर नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं, ‘मोजले नाहीत.’

माझा राग आहे तो या ‘मोजले नाहीत’वर. भावावर नाही. त्याच्या वयाच्या हजारो पोरांना कुणीतरी पद्धतशीर पटवून दिलंय की वेग हा दुकानातून आणायचा माल आहे. मोठा कार्बोरेटर, मोठा टर्बो, मोठं नळकांडं, मोठा आवाज. रीलमध्ये पाट्या झळकतात, ‘प्लस 40 एचपी’. ते चाळीस घोडे रस्त्यावर उतरले का, हे रीलमध्ये कुणी विचारत नाही. तीस सेकंदांत आवाज दाखवता येतो. टायरमधल्या हवेचा दाब कसा दाखवणार?

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या गाडीची ड्रॅगची वेळ कमी करायची तर पहिले दीड सेकंद पैशाने येत नाहीत, मोजण्याने येतात. आणि जो मोजायच्या आधी पैसे मागतो, तो तुम्हाला गंडवतोय.

हे मी शहाणपणाने म्हणत नाहीये. मी स्वतः गंडलेलो आहे.

मी मिशिगनमध्ये राहतो. सहा वर्षांपूर्वी एक 1972 ची शेव्हरोले नोव्हा घेतली. 350 घनइंचांचं, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, तीन गिअरचं ऑटोमॅटिक. दरवाजे गंजलेले, पण इंजिन धडधाकट. जवळच्या ड्रॅग स्ट्रिपवर पहिल्या रात्री पाव मैल, म्हणजे 402 मीटर, 15.9 सेकंदांत कापला. शेजारच्या लेनमधली साधी फॅमिली सेदान माझ्या पुढे गेली. लाज वाटली. लाज वाटलेला माणूस हे दुकानदाराचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक असतं.

मी एका दुकानात गेलो. त्यांनी मोठा कॅमशाफ्ट आणि मोठा कार्बोरेटर सुचवला. मजुरीसकट 1900 डॉलर. गाडी सिग्नलला उभी राहिली की अशी गुरगुरायची की लोक वळून बघायचे. स्ट्रिपवर गेलो. 16.2 सेकंद.

पैसे देऊन मी गाडी हळू करून घेतली होती.

आमच्या शेजारी एक निवृत्त मशिनिस्ट राहतात. पंचाहत्तरीचे गृहस्थ, मोजकं बोलणारे. त्यांनी माझी टाइम स्लिप मागितली. प्रत्येक धावेनंतर स्ट्रिपवर कागदाची एक चिठ्ठी मिळते, तीच. मी तिच्यावरचा शेवटचा आकडा तेवढा वाचत होतो. त्यांनी बोट ठेवलं सुरुवातीच्या आकड्यावर, पहिल्या साठ फुटांवर. आधी तिथे 2.5 सेकंद लागत होते, आता 2.7. आणि रेषा ओलांडतानाचा वेग? तो ताशी 87 मैलांवरून 88 झाला होता. वेग वाढला आणि वेळही वाढली. दोन्ही एकाच कागदावर.

हे कोडं उलगडलं की अर्धं ड्रॅग रेसिंग कळतं. मोठा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उघडे ठेवतो. इंजिन वरच्या फेऱ्यांवर जोरात श्वास घेतं, पण खालच्या फेऱ्यांवर त्याचा दम जातो. माझ्या गाडीच्या मागच्या एक्सलचं गुणोत्तर 3.08. म्हणजे निवांत हायवेसाठी बनवलेली गाडी. रेषा ओलांडताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जेमतेम साडेतीन हजार फेऱ्यांवर असायचं. नवा कॅम जागा होत होता तोच तिथे. त्याला साजेसा टॉर्क कन्व्हर्टर हवा, साजेसं गुणोत्तर हवं, कॉम्प्रेशन हवं. म्हणजे एक चूक निस्तरायला आणखी तीन खरेद्या. दुकानदाराला हे ठाऊक नसेल? माझा विश्वास नाही.

जुना कॅम आणि त्याचे लिफ्टर मी क्रमाने खोक्यात ठेवले होते म्हणून वाचलो. या इंजिनात लिफ्टर आणि कॅमचा उंचवटा एकमेकांवर घासून जोडी जमवतात. अदलाबदल झाली की दोन्ही खराब. सगळं परत जागेवर बसवलं, नवे भाग अर्ध्या किमतीत विकले आणि शून्यापासून सुरुवात केली.

शेजाऱ्यांचा नियम एकच होता. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक धाव वहीत. तारीख, तापमान, टायरचा दाब, साठ फुटांची वेळ, एकूण वेळ, वेग. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुठली कामी आली ते कळत नाही.

पहिलं काम ठिणगीच्या वेळेचं. चाळीस डॉलरची टायमिंग लाइट आणली. एकूण अ‍ॅडव्हान्स 26 अंशांवर अडकला होता. या इंजिनाला साधारण 34 ते 36 लागतात. डिस्ट्रिब्युटर सैल करून फिरवला, आतल्या दोन बारक्या स्प्रिंग बदलल्या. 15.6.

मग टायर. स्टार्टला माझं एकच मागचं चाक जागेवर गरगरत होतं. धूर मस्त निघायचा, गाडी तिथेच. वापरलेल्या मऊ रबराच्या टायरची जोडी 150 डॉलरला मिळाली. हवा थोडी थोडी कमी करत गेलो. मागच्या पाट्याच्या स्प्रिंग जोर पडला की पिळवटायच्या आणि चाक उड्या मारायचं. 80 डॉलरचे ट्रॅक्शन बार लावल्यावर ते थांबलं. आणि सगळ्यात मोठी दुरुस्ती माझ्या उजव्या पायाची. हिरवा दिवा लागला की पेडल एकदम तुडवायची सवय मोडली. साठ फूट 2.2 वर आले. एकूण 15.1. सुरुवातीला वाचवलेला एक दशांश शेवटी जवळजवळ दीड दशांश होऊन परत मिळतो. बँकसुद्धा एवढं व्याज देत नाही.

मग वजन. स्टेपनी, जॅक, मागची सीट, डिकीतलं आठ वर्षांचं भंगार. जवळपास दीडशे पौंड, म्हणजे 68 किलो. ठोकताळा असा की शंभर पौंड कमी झाले की एक दशांश कमी होतो. 14.9. खर्च शून्य.

शेवटी भंगारच्या यार्डातून 3.73 गुणोत्तराचा, दोन्ही चाकांना जोर देणारा एक्सल आणला. 350 डॉलर. प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ एकवीस टक्क्यांनी वाढली. 14.6 सेकंद, ताशी 93 मैल.

बेरीज 620 डॉलर. 1900 घालून गेले होते तीन दशांश. 620 घालून मिळाले तेरा. इंजिन तेच, आवाज तोच.

आता तुम्ही म्हणाल, दादा, हा गरिबीचा रोमँटिकपणा झाला. पैसा लागतोच की.

लागतो. साडेअकरा सेकंदांच्या खाली जायचं तर इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल सगळं नव्याने बांधावं लागतं, आणि तिथे वही-पेन्सिलीचं राज्य संपतं. शिवाय जुन्या गाड्यांसाठी एनएचआरए, म्हणजे तिथली ड्रॅग रेसिंगची मुख्य संस्था, 13.99 किंवा त्याहून कमी वेळेला हेल्मेट आणि 11.49 ला रोल बार सक्तीचा करते. तोही खर्चच. पण आपल्यातले किती जण त्या उंबरठ्यावर उभे आहेत? आपण सोळाला अडखळतोय आणि अकराची खरेदी करतोय.

आणि कृपा करून याला ‘जुगाड’ म्हणू नका. त्या शब्दाचा मला वीट आलाय. कमी खर्च आणि जुगाड यांत दोन टोकांचं अंतर आहे. माझ्या 620 डॉलरमध्ये ब्रेकचे होज आणि नवं फ्लुइड धरलेलं नाही, कारण ते पहिल्या रात्रीच्याही आधी झालं होतं. त्यावर मी घासाघीस केली नाही. ताशी दीडशे किलोमीटरवरून थांबायचं असतं तेव्हा तारेने बांधलेली कल्पकता कामाला येत नाही. काटकसर क्रोमवर करा, स्टिकरवर करा, आवाजावर करा.

दुसरी बाजू क्लासिकवाल्यांची. ‘जुनी गाडी जशी आहे तशी जपावी, तिला पळवणं म्हणजे पाप.’ मला हे सोवळं कळत नाही. माझ्या यादीतली प्रत्येक गोष्ट एका शनिवार-रविवारात परत फिरवता येते. गाडीचं खरं नुकसान केलं ते त्या 1900 डॉलरच्या ‘अपग्रेड’ने. मूळ इंजिन आधी नीट ट्यून करणं हा जुन्या गाडीचा मानच आहे.

या खेळाचा जन्मही आठवा. 1950 साली कॅलिफोर्नियातल्या सँटा अ‍ॅना इथे विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए स्थापन केली, ती रस्त्यावर जीव घालवणाऱ्या पोरांना सुरक्षित जागेत आणण्यासाठी. ती पोरं श्रीमंत नव्हती. भंगारातल्या जुन्या फोर्ड गाड्या सोलून ती पळवत होती.

तोच आत्मा अजून ब्रॅकेट रेसिंगमध्ये शिल्लक आहे. तुमची गाडी किती वेळ घेईल ते तुम्ही आधीच काचेवर लिहायचं. हळू गाडी फरकाएवढी आधी सुटते. लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर सहसा बाद. म्हणजे 14.6 ची माझी नोव्हा 10 सेकंदांच्या गाडीला हरवू शकते. अट एवढीच की मी माझ्या गाडीला जास्त ओळखायला हवं. चाळीस हजार डॉलरची गाडी घेऊन आलेला माणूस हरताना मी पाहिलाय, आणि त्याला हरवणारी बाई किराणा आणायलाही तीच गाडी वापरायची.

आपल्याकडेही धावपट्ट्या वापरल्या गेल्यात. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर अनेक वर्षं शर्यती झाल्या, लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या. पण अशा संधी मोजक्या आहेत, हे खरं. म्हणून पोरं रात्री रिकाम्या रस्त्यावर उतरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार तो गुन्हा आहे, आणि कलम 52 मुळे गाडीत मनमानी बदल करणंही अडचणीचं आहे. 1 लाख 80 हजारांच्या कोटेशनवर या दोन्ही कलमांचा उल्लेख मला दिसला नाही. समोरून येणाऱ्या दूधवाल्याच्या बाइकचाही नाही. जागा मागायच्या तर त्या एकत्र येऊन, मोठ्याने मागा. तोवर रस्ता ही स्ट्रिप नाही.

भावाला मी फोन केला. सांगितलं, माझी यादी तुझ्या गाडीला जशीच्या तशी लावू नकोस. नोव्हा मागच्या चाकांनी पळते. सुटताना वजन मागे जातं आणि तिला पकड मिळते. तुझी सिटी पुढच्या चाकांची, तिचं वजन नेमकं नको तिथे जातं. तिथे वाढीव ताकद म्हणजे वाढीव धूर. आधी कॉम्प्रेशन टेस्ट कर, प्लग बघ, फिल्टर बघ, क्लच घसरतोय का बघ, पुढचे टायर चांगले घे. नियमात होणाऱ्या शर्यतीत नाव नोंदव, तीन धावा काढ आणि चिठ्ठ्या पाठव. मग बोलू.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, “पण दादा, मित्रांना काय दाखवू?”

खरा प्रश्न हाच होता. कोटेशन वेगाचं नव्हतंच, दाखवण्याचं होतं. माझंही तेच होतं, फक्त डॉलरमध्ये. मी त्याला माझ्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला, 16.2 वाला. शेजारी माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘आवाज उत्तम.’

काल त्याचा फोटो आला. दोनशे पानी वही, पहिल्या पानावर चार सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा बाकी तिघांपेक्षा बराच खाली आहे. स्टेज टूचा सगळा दाब त्याच सिलिंडरवर बसणार होता.

मावशीची एफडी अजून बँकेत आहे.