नागभीड जंक्शन पुसलं तर?

एम-थ्रीच्या तासाला मॅट्रिक्स म्हटलं की आपला हात आधी कॅल्क्युलेटरकडे जातो. आयगेन व्हॅल्यू काढा, उत्तराला चौकट करा, मार्क घ्या. मॅट्रिक्सच्या अख्ख्या कुटुंबाचं चित्र काढता येतं हे कुणीच सांगत नाही. माझी तक्रार तीच आहे.

वडसा स्टेशनवरून गाडी ब्रह्मपुरीमार्गे नागभीडला जाते. तिथे तीन दिशा भेटतात: गोंदिया, बल्लारशा आणि नागपूर. (नागपूरची नॅरोगेज २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, पण नकाशावर फाटा आहेच.) कागदावर मध्ये एक ठिपका काढा आणि त्याला तीन ठिपके जोडा. झाला डी-फोर! हा ८ बाय ८ च्या स्क्यू-सिमेट्रिक मॅट्रिक्सचा ली अल्जिब्रा. यातल्या कुठल्याही दोन मॅट्रिक्स घ्या, एबी वजा बीए करा, उत्तर याच कुटुंबात राहतं. स्वतंत्र जागा २८.

आता या कुटुंबातलं छोटं कुटुंब, म्हणजे सबअल्जिब्रा, शोधायचं. मधला ठिपका पुसला की तीन सुटे ठिपके उरतात. एक सुटा ठिपका म्हणजे ३ मिती, मेकॅनिक्समधल्या तीन अक्षांभोवतीच्या फिरण्यासारखा. एकूण ९. पण खरी गंमत पुढे आहे. आधी मधल्याला नियमाप्रमाणे चौथा ठिपका जोडा आणि मग मधला पुसा. चार सुटे ठिपके, १२ मिती. पडताळा हवा? ८ बाय ८ चे ४ बाय ४ चे दोन ब्लॉक करा. प्रत्येकात ६ स्वतंत्र जागा, ६ + ६ = १२. जुळलं की नाही!

या आकृत्या युजीन डिंकिनच्या. १९४४ मध्ये मॉस्कोत त्याने त्या वापरल्या तेव्हा तो वीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा. १९५२ मध्ये त्याने सबअल्जिब्रांची मोठी यादी छापली. 'सर्वांत मोठ्या' म्हणून दिलेल्यांपैकी पाच नंतर तशा नाहीत असं निघालं. वाढवलेल्या आकृतीत प्रत्येक ठिपक्याला एक अंक असतो. पुसलेल्या ठिपक्याचा अंक मूळ संख्या असावा लागतो. त्या पाच ठिकाणी तो ४ किंवा ६ होता. म्हणून चित्रावर डोळे मिटून विसंबा असं मी म्हणत नाही. चित्राने वाट शोधायची, हिशेबाने तपासायची.

'इंजिनिअरला याचा काय उपयोग?' असं मित्र विचारतात. रोबोटचा हात फिरवताना हेच गणित लागतं, हे एक उत्तर. माझं उत्तर वेगळं आहे. आमच्या भागातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या पोरांना पहिल्या वर्षी गणित अडवत नाही, पुस्तकातलं इंग्रजी अडवतं. मग ती पाठांतराला लागतात आणि के.टी. घेऊन बसतात. ठिपके-रेघा वाचायला इंग्रजी लागत नाही.

मॅथ्सच्या सरांना विनंती, या सेममध्ये फक्त एक तास द्या. ई-एटचे आठ ठिपके आणि वरचा नववा मी आधीच फळ्यावर काढून ठेवीन.