अडकलेली काच आणि यत्नाचार



आपल्या आचारधर्मात यत्नाचाराला मोठे स्थान आहे. पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती तर वस्तू उचलणे व ठेवणे यांतील सावधानतेविषयीच आहे. मुनिराजांजवळ पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र एवढीच उपकरणे असतात. आपणा श्रावकांच्या दारात मात्र मोटार उभी असते. उपकरणे वाढली की त्यांच्याविषयीची दक्षताही वाढली पाहिजे. म्हणून या वेळी जुन्या मोटारीतील एका क्षुल्लक वाटणाऱ्या बिघाडाविषयी लिहितो. तो बिघाड म्हणजे बटणावर चालणारी, पण मध्येच अडकलेली खिडकीची काच.

खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम 15 वर्षांची असते आणि तपासणीनंतर ती पुढे 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यामुळे सुस्थितीतील जुनी गाडी टिकवणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि अपरिग्रहाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु शेलारसारख्या गावात काचेची परीक्षा जरा कठोर असते. भोवती यंत्रमाग, गोदामे आणि मालवाहू गाड्यांची अखंड वर्दळ. हवेत कापसाचे तंतू आणि रस्त्याची धूळ. काच ज्या रबरी खाचेतून वरखाली सरकते, त्या खाचेत हे सारे साचते. पावसाळ्यात त्याचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तो वाळून घट्ट बसतो. रबरही वयोमानाने कडक होते. मग मोटरला काच ओढवत नाही.

हिशेबात फरक आला की कोणी खातेवही फाडून टाकत नाही. एकेक नोंद क्रमाने तपासतो. येथेही तसेच करावे. चावी चालू स्थितीत ठेवून बटण दाबावे आणि दाराला कान लावावा.

चारही काचा एकदम बंद पडल्या असतील तर प्रथम फ्यूज पाहावा. एकच काच बंद असेल आणि ती चालकाजवळच्या बटणावर चालत असेल, तर दोष त्या दाराच्या स्विचमध्ये आहे. मागील काचा चालत नसतील तर चालकाने कुलूपबंदीचे बटण दाबून ठेवलेले नाही ना, तेही पाहावे. मोटरचा आवाज येतो, पण काच हलत नाही किंवा तिरपी होते, तेव्हा बहुधा रेग्युलेटरची तार तुटलेली अथवा निसटलेली असते. आवाज येतो आणि काच कुंथत सरकते, तेव्हा संशय खाचेवर घ्यावा. काहीच आवाज नसेल आणि दारावर हलकी थाप मारताच काच चालू लागत असेल, तर मोटरमधील कार्बन झिजले असण्याचा संभव असतो. दार उघडझाप करून बिजागरीजवळच्या रबरी नळीतील वायर तुटणे हाही जुन्या गाड्यांचा नेहमीचा दोष आहे. बटण मात्र वारंवार दाबत राहू नये, मोटर तापते.

खाच साफ करणे घरी जमण्यासारखे आहे. काच पूर्ण खाली घ्यावी. पावसाळ्यात या फटीत मुंग्या व कोळी आश्रय घेतात. म्हणून आधी मऊ ब्रशने हळुवार प्रमार्जन करावे. मग पातळ पट्टीला ओले फडके गुंडाळून खाच पुसावी, वाळू द्यावी आणि सिलिकॉनचा फवारा मारावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये. त्यावर तंतू आणखी चिकटतात व रबर फुगते.

काच खाली अडकली आणि पाऊस आला, तर एकाने बटण वरच्या दिशेने दाबावे व दुसऱ्याने काच दोन्ही तळव्यांमध्ये धरून वर ओढावी. वर गेल्यावर दुरुस्ती होईपर्यंत ती पुन्हा खाली घेऊ नये. दाराचे आतील आवरण उघडण्याचे काम मेकॅनिककडेच द्यावे, कारण सुटलेली काच हातावर पडू शकते. नवी मोटर बसवण्यास संमती देण्यापूर्वी जुनीला थेट 12 व्होल्टचा पुरवठा देऊन दाखवण्यास सांगावे. ती फिरली तर दोष अन्यत्र आहे. आवरणामागील प्लास्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवला आहे आणि दाराच्या तळाची छिद्रे मोकळी आहेत, एवढे आपण पाहावे; नाहीतर पाणी आत साचते.

एवढी चिकित्सा कशासाठी? पैसे वाचतात हे खरे, पण ते गौण आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या प्रलयात काही जण बंद मोटारींतच गुदमरून गेले. पाणी चढले की दार बाहेरच्या दाबाने उघडत नाही आणि विद्युतयंत्रणा बंद पडली की काचही उतरत नाही. भिवंडीतही अतिवृष्टीत कामवारीचे पाणी सखल भागात शिरते. म्हणून पाण्यात गाडी घालूच नये. अडकलीच तर यंत्रणा चालू आहे तोवर काच खाली करावी. काच फोडण्याची लहान हातोडी चालकाच्या हाताशी असावी. घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घालावा. समोरची काच तशी फुटत नाही.

दुसरा धोका मुलांचा. अनेक जुन्या गाड्यांत अडथळा लागताच काच थांबवण्याची सोय नसते. मूल खिडकीतून डोकावत असताना बटण दाबले गेले तर मान किंवा बोटे सापडतात. मागे मुले असताना कुलूपबंदीचे बटण दाबलेले असावे, आणि चावी गाडीत ठेवून मुलांना एकटे सोडू नये.

चातुर्मासात गजपंथाच्या किंवा अन्य क्षेत्राच्या दर्शनास निघण्यापूर्वी आपण टायर व ब्रेक पाहतोच. त्याबरोबर चारही काचा एकदा वरखाली करून पाहाव्यात. या कामाला पाच मिनिटे लागतात. प्रमाद टाळणे हा साधनेचा भाग आहे, आणि गाडीतील जिवांची काळजी घेणे ही जीवदयाच होय.